गाडी मालकाची, आठवण मिस्त्रीची

मोटारींचा इतिहास आपल्याकडे बहुधा मालकांच्या नावाने लिहिला गेला. कोणत्या संस्थानिकाकडे कोणती गाडी होती, कोणत्या नटाने इम्पाला घेतली, कोणत्या शेटजींच्या बंगल्यात ब्यूक उभी असे, याच्या याद्या सहज मिळतात. त्या गाड्या चालवणारे, उघडणारे आणि पुन्हा बांधणारे हात कोणाचे होते, हे त्या याद्यांत येत नाही. आम्ही त्या हातांच्या घरातले. आमच्यापैकी कोणाचे अब्बा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मिस्त्री होते, कोणाचे नाना मालकाच्या गाडीवर ड्रायव्हर, कोणाचे चाचा लेथवर. आज आमच्यातले बरेचजण कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत फाउंड्रीत, मशीन शॉपमध्ये, तपासणी विभागात कामाला आहेत. शिफ्ट सुटल्यावर चहाच्या गाड्यावर जुन्या अमेरिकन गाड्यांचा विषय निघतो, तेव्हा प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी असते आणि ते जवळजवळ नेहमीच दुसऱ्याच्या मालकीच्या गाडीबद्दल असते. या आठवणी वडीलधाऱ्यांकडून आम्ही मुद्दाम विचारून घेतल्या. इतिहासाच्या शेजारी ठेवून त्या एकदा पाहाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू.

अमेरिकेत अशा गाड्यांच्या आठवणी सांगणारा माणूस स्वतः मालक असतो. उमेदीत, पहिल्या पगारातून, हप्त्याने का होईना त्याने गाडी घेतलेली असते. पाव मैलाच्या शर्यतीत ती पळवलेली असते. आमच्या वडीलधाऱ्यांच्या वाट्याला गाडी आली ती ‘ट्रायल’पुरती. इंजिन उतरवले, रिंगा टाकल्या, व्हाॅल्व्ह घासले, टायमिंग लावले की गाडी रस्त्यावर काढून पाहावी लागे. कोल्हापूरहून कागलपर्यंतचा जुना पुणे-बंगळूर रस्ता ही त्या काळची ट्रायलची ठरलेली वाट होती. लक्ष्मी टेकडीच्या चढाला गाडी टॉप गिअरमध्ये, खाली न उतरवता चढली तर काम पक्के. गचके दिले तर परत गॅरेजमध्ये. त्या अर्ध्या-पाऊण तासात मालक सोबत नसे. आमच्या वडिलांनी अमेरिकन गाडी तिच्या खऱ्या वेगाने चालवली असेल ती तेवढ्या वेळात. ज्या चढावर त्यांनी इंजिनाची परीक्षा घेतली, त्याच्या आसपास आज आमचे कारखाने उभे आहेत.

त्या गाड्यांचे एवढे काय होते, हे समजण्यासाठी १९३२ सालाकडे जावे लागते. आठ सिलिंडर दोन ओळींत, इंग्रजी ‘व्ही’सारखी बसवलेली इंजिने त्याआधीही होती, कॅडिलॅकने ती १९१४ मध्येच आणली होती. पण त्या श्रीमंतांच्या गाड्या. हेन्री फोर्डने १९३२ मध्ये व्ही-एट इंजिन सामान्य अमेरिकन माणसाच्या किमतीत दिले. २२१ घनइंच, म्हणजे ३.६ लिटर, ताकद ६५ अश्वशक्ती. आज हे आकडे किरकोळ वाटतील. खरी करामत आकड्यांत नव्हती, ओतकामात होती. पूर्वीच्या इंजिनांचे ब्लॉक तुकड्यातुकड्याने ओतून बोल्टांनी जोडत. फोर्डच्या माणसांनी दोन्ही ओळींची सिलिंडरे आणि खालची क्रँककेस एकाच साच्यात ओतली. आमच्यातल्या फाउंड्रीवाल्यांना याचे मोल समजावून सांगावे लागत नाही. एवढ्या पोकळ्यांसाठी वाळूचे कोअर एकात एक बसवायचे, आणि रस ओतताना त्यातला एकही जागचा हलता कामा नये. हलला तर सिलिंडरची एक भिंत जाड आणि दुसरी कागदासारखी. फोर्डकडेही सुरुवातीला रद्द ब्लॉकांचे ढीग लागले होते. आमचा एक जाणता पॅटर्नमेकर म्हणतो, की फोर्डचे खरे कर्तृत्व मोटारीत नाही, मोल्डिंगच्या वाळूत आहे. आम्हाला ते थोडे जास्त वाटते, पण फार जास्त नाही.

या इंजिनाला एक खोड होती. जळलेला वायू बाहेर पडायची वाट ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या पोकळीला चिकटून काढलेली होती. त्यामुळे इंजिन भयंकर तापे. अमेरिकेतल्या थंड हवेत ते खपून जाई. निपाणीपुढच्या तवंदी घाटात, नाहीतर कोकणात उतरणाऱ्या आंबा घाटात एप्रिल-मे महिन्यात ते खपत नसे. पेट्रोलच्या नळीत वाफ धरे आणि गाडी चढावर मरे. तेव्हा खलाशी उतरून पंपावर ओले फडके गुंडाळायचा, अर्धा तास थांबायचे, बिडी ओढायची, पुन्हा निघायचे. घाटातल्या झऱ्यांची नावे जुन्या ड्रायव्हरांना पाठ असत, ती याच कारणाने.

मात्र इंजिन थंड असताना त्याचा आवाज! चार सिलिंडरच्या गाडीत स्फोट मोजता येतात, आठांच्या गाडीत ते एकमेकांत मिसळतात आणि खालून एक घुमणारा, किंचित अडखळता स्वर येतो. आमच्यातल्या एकाचे अब्बा शिकाऊ पोरांना पान्हा हातात देण्याआधी डोळे मिटायला लावायचे. “पहले सुन, फिर पाना लगा,” असे त्यांचे वाक्य होते. कोणत्या सिलिंडरचा प्लग मेला आहे, हे कानाने सांगता आले पाहिजे. घरात दखनी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि पार्टची नावे इंग्रजी, अशा तीन भाषांत ही विद्या चालली. ती कोणत्याही पुस्तकात उतरली नाही. ‘सूत’ हे माप त्यातलेच: इंचाचा आठवा भाग. अमेरिकन गाड्यांचे सगळे नट-बोल्ट इंचांत, त्यामुळे मिस्त्रीच्या पेटीत त्यांचे पान्हे वेगळे असत. पुढे मिलिमीटरच्या गाड्या आल्या तरी ते पान्हे कोणी टाकून दिले नाहीत.

या गाड्या आमच्यापर्यंत आल्या कशा? फोर्डची भारतातली कंपनी १९२६ मध्ये स्थापन झाली. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला आणि शेव्हरोलेचे खोके उघडून तिथे गाड्या उभ्या राहू लागल्या. फोर्डच्या बाबतीत एक गंमत अशी, की ब्रिटिश साम्राज्यातला तिचा व्यवहार कॅनडातल्या फोर्ड कंपनीकडे होता. साम्राज्याच्या आतल्या मालाला जकातीत सवलत मिळे आणि उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाड्याही तिकडून येत. म्हणजे कोल्हापुरात ज्या फोर्डला लोक अमेरिकन म्हणत, ती पुष्कळदा कॅनडातून आलेली असे. दुसरीकडे, सोलापूरच्या मातीतल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापली आणि अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी हातमिळवणी केली. कुर्ल्याच्या त्यांच्या कारखान्यातून १९४७ मध्ये डॉज, प्लिमथ आणि डिसोटो गाड्या बाहेर पडू लागल्या. त्याच सुमारास माझगावात अमेरिकन विलीज जीपची जुळणी सुरू झाली. ती करणाऱ्या कंपनीचे १९४५ मधले मूळ नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होते. त्यातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले. आमच्या मिस्त्रींना ही हकिकत ठाऊक नव्हती. जीप त्यांना अंगणातल्या शेळीइतकी ओळखीची होती.

कोल्हापूर संस्थानाची म्हणून आज जी गाडी सर्वांना ठाऊक आहे, ती अमेरिकन नाही, जर्मन आहे. राजाराम महाराजांची मेबॅक दरवर्षी दसऱ्याला दसरा चौकात येते आणि सारे शहर ती पाहायला लोटते. पण रोजच्या धावपळीला, शिकारीला, कारभाऱ्यांच्या फिरतीला अमेरिकन गाड्याच लागत. त्या उंच असत, खडबडीत रस्ता सोसत आणि विलायती गाड्यांच्या मानाने त्यांचे काम सोपे असे. कागल ही घाटग्यांची, म्हणजे शाहू महाराजांच्या जन्मघराण्याची जहागीर. आमच्या काही घरांतले पणजोबा पागेत मोतद्दार होते. घोडे कमी झाले, मोटारी आल्या, आणि पागेतल्या माणसांची पोरे खलाशी झाली. घोड्याला पाणी दाखवणारा हात रेडिएटरला पाणी दाखवू लागला. कागलला गैबीच्या उरुसात मानकऱ्यांच्या गाड्या धुऊन-पुसून उभ्या करण्याचे काम याच पोरांकडे असे, आणि चाकाजवळ बसून ती पोरे गाडीची नावे पाठ करत.

१९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने धोरण ठरवले: देशात सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम असेल तर राहा, नुसती जुळणी करायची असेल तर निघा. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये शिवडीचे काम बंद केले, फोर्डही गेली. प्रीमियरने फियाटची कास धरली आणि १०८९ सीसीची छोटी गाडी मध्यमवर्गाचे स्वप्न बनली. हे धोरण चुकीचे होते असे आम्ही म्हणणार नाही. परकीय चलन धान्याला आणि यंत्रांना लागत होते. आठ सिलिंडरच्या हौसेला ते कोठून मिळणार? आणि सुटे भाग इथेच बनवा, या आग्रहातूनच उद्यमनगराला कामे मिळाली, हेही खरे आहे.

पण नेमक्या त्याच काळात अमेरिकेत या गाड्यांचा सुवर्णकाळ सुरू झाला. १९५५ मध्ये शेव्हरोलेने एड कोल या अभियंत्याच्या हाताखाली २६५ घनइंचांचे नवे व्ही-एट आणले. पातळ भिंतींचे ओतकाम, हलके वजन, १६२ अश्वशक्ती. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात फोर्ड मस्टँग लोकांपुढे आली. त्याच वर्षाच्या पाँटियाक जीटीओत ३८९ घनइंच म्हणजे ६.४ लिटरचे इंजिन होते, ताकद ३२५ अश्वशक्ती. एका जीटीओच्या इंजिनात फियाटची जवळजवळ सहा इंजिने मावली असती. आमच्याकडे त्या गाड्या आल्या नाहीत. वकिलातींतले परदेशी अधिकारी परत जाताना आपल्या गाड्या सोडून जात आणि स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन त्यांचा लिलाव करी. परदेशात काही वर्षे राहून परतणाऱ्यांना वापरलेली गाडी सोबत आणता येई. इम्पाला आल्या त्या बहुतेक अशा वाटांनी, आणि पहिल्यांदा मुंबईत, सिनेमावाल्यांकडे. डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेल्या गोव्यात आयातीवर असली बंधने नव्हती, त्यामुळे पुढे घाट चढून काही गाड्या इकडेही आल्या. कोल्हापूरला पोहोचेपर्यंत गाडी तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या हाती असायची. अमेरिकेतली नवी गाडी आणि आमची गाडी यांत दहा-पंधरा वर्षांचे अंतर असे. तिकडे जी भंगारात निघे ती इकडे नवी म्हणून धुतली जाई.

तेलाने हा सारा खेळ मोडला. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तीन महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळपास चौपट झाला. लिटरला चार-पाच किलोमीटर देणारी गाडी दारात ठेवणे बागायतदारालाही जड झाले. बंगल्यांच्या पोर्चमधून अमेरिकन गाड्या निघाल्या आणि फार थोड्या पैशांत हातोहात फिरू लागल्या. याच वेळी आमच्या मिस्त्रींनी त्यांचे सर्वांत मोठे काम केले, आणि आज त्याच कामाबद्दल त्यांना नावे ठेवली जातात.

त्यांनी व्ही-एट काढून डिझेल बसवले. हे बोलायला सोपे आहे. व्ही-एट इंजिन आखूड आणि रुंद. मद्रासच्या सिंप्सन कंपनीचे पर्किन्स डिझेल सहा सिलिंडरचे, लांब, उंच आणि वजनदार. ते बॉनेटखाली मावत नाही. मग पुढचा पत्रा कापायचा, रेडिएटर पुढे ढकलायचा, इंजिनाचे पाय नव्याने बनवायचे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांची भोके जुळत नाहीत. मध्ये बसणारी जाड प्लेट उद्यमनगरात ओतून, लेथवर धरून, केसाएवढाही आस न चुकता बसवायची. आस चुकला तर हजार किलोमीटरांत बेअरिंग खलास. त्यात पेट्रोल इंजिन चार हजारांच्या वर फेऱ्या मारणारे, आणि हे डिझेल अडीच हजारांच्या आसपास थांबणारे. म्हणून मागच्या डिफरन्शियलचे दातेही बदलायचे, नाहीतर गाडी बैलगाडीच्या चालीने चालायची. सहा व्होल्टची जुनी वायरिंग काढून बारा व्होल्टची घालायची. नकाशा नाही, पुस्तक नाही. फुटपट्टी, खडू आणि पत्र्याचे फर्मे. सिनेमाचा कॅमेरा बाबूराव पेंटरांनी १९१८ मध्ये ज्या गावात घडवला, ज्या गावात म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार यांच्यासारख्या कारागिरांची नावे आजही आदराने घेतली जातात, त्या गावाला हे शोभण्यासारखेच होते.

ट्रायल पुन्हा कागलच्याच रस्त्याला. पण टेकडीचा चढ आता दुसऱ्या गिअरवर. डॅशबोर्ड थरथरायचा, खिडक्यांच्या काचा वाजायच्या. एका मिस्त्रींनी आम्हाला सांगितले, की स्वतः बसवलेल्या पहिल्या डिझेलची ट्रायल घेऊन आल्यावर त्यांनी त्या दिवशी दुसरे काम घेतले नाही. मालक खूश होता. खर्च निम्म्याहून खाली आला होता. मिस्त्री मात्र गप्प बसून राहिले.

काढलेल्या व्ही-एटचे काय झाले? काही वर्षे ती गॅरेजच्या मागे पडून राहिली. कोणी विचारायला आले नाही. मग ती बिडाच्या भावाने गेली. घणाने ब्लॉक फोडायचा, तुकडे हातगाडीवर घालायचे आणि फाउंड्रीच्या दारात वजन करून टाकायचे. कोक, चुनखडी, पिग आयर्न आणि हे भंगार असे थरावर थर कुपोला भट्टीत जात. शंभर वाळूच्या युक्त्या करून डिट्रॉइटकडे ज्याचा जन्म झाला, ते बीड वितळून इथल्या पंपाचे आवरण झाले, तेलइंजिनाचे फ्लायव्हील झाले, उसाच्या चरकाचे दातेरी चाक झाले. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध भट्टीवाल्यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, अमेरिकन ब्लॉकचे बीड चांगले असे, रस पातळ यायचा. त्यांची आठवण एवढीच, आणि आम्हाला ती मोलाची वाटते.

डिझेल बसलेल्या गाड्यांचे आयुष्य वाढले. काही मिरज-सांगलीकडे भाड्याने धावल्या, काही निवडणुकीच्या फेऱ्यांत फिरल्या. बऱ्याचशा वरातीला लागल्या. टप उतरवलेल्या लांबलचक शेव्हरोलेत नवरा-नवरी, पुढे बँड, आणि गाडी माणसाच्या पावलाच्या वेगाने तीन तास. तीनशे अश्वशक्तीच्या स्वप्नाची ही अखेर पाहून हसू येते. पण क्लच अर्धा दाबून तीन तास गाडी पुढे सरकवत राहणे शर्यतीपेक्षा सोपे नाही, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. त्या गाड्यांत आमच्यातल्याही कितीतरी जणांचे निकाह होऊन वराती निघाल्या. आयुष्यात एकदाच मागच्या सीटवर बसायला मिळाले ते तेव्हा.

१९९१ नंतर आयातीची दारे हळूहळू उघडली. फोर्ड आणि जनरल मोटर्स परत आल्या. २०१६ मध्ये पाच लिटरची व्ही-एट मस्टँग भारतात अधिकृतपणे विक्रीला आली. या कंपन्या पुन्हा गेल्याही: जनरल मोटर्सने २०१७ अखेर इथली विक्री थांबवली आणि २०२० मध्ये तळेगावच्या कारखान्यातले उत्पादन बंद केले; फोर्डने २०२१ मध्ये भारतातले मोटार-उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. या साऱ्या काळात जुन्या गाड्यांना मात्र भाव चढत गेला. मुंबई-पुण्याचे शौकीन खेडोपाडी फिरून गोठ्यातल्या, चिंचेखालच्या गाड्या उचलू लागले. बॉनेट उघडून आत डिझेल दिसले की त्यांचा चेहरा पडतो. ‘गाडीचा सत्यानाश केला’ असे शब्द आम्ही ऐकलेले आहेत.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी असेल, तर नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, पुढच्या नोंदणीला पाच हजार. रोजच्या वाहतुकीला किंवा धंद्याला ती वापरता येत नाही. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात राखलेली हवी. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा. नियमामागचा हेतू आम्हाला समजतो. कोणीही जुन्या सांगाड्यावर नवे काहीतरी बसवून वारसा म्हणून मिरवू नये, हे बरोबरच. पण या अटीने कोणती गाडी वारसा ठरते आणि कोणती ठरत नाही, ते पाहावे. ज्याच्याकडे गाडी न चालवता पन्नास वर्षे झाकून ठेवण्याइतकी जागा आणि ऐपत होती, त्याची गाडी मूळ राहिली. जिला रोज पोट भरावे लागले, जी मिस्त्रीने डिझेल बसवून भट्टीपासून वाचवली, ती बाद. मूळ इंजिनाचा पार्ट जेव्हा देशात येऊच शकत नव्हता, त्या काळात ‘मूळ स्वरूप’ ही चैन होती. हाताने केलेली ती जोडप्लेट, ते कापलेले पत्रे, तो बदललेला डिफरन्शियल हाही १९७३ नंतरच्या आपल्या देशाचाच इतिहास आहे. आमचे म्हणणे एवढेच, की अशा निदान दोन-चार गाड्या, डिझेलसकट, कोठेतरी जपून ठेवाव्यात आणि त्यांच्यासमोरच्या पाटीवर मालकाबरोबर मिस्त्रीचे नाव लिहावे. कोल्हापूरला हे करायला कोणाची परवानगी लागू नये.

आता कागल. किर्लोस्करांच्या इंजिनांपासून रेमंडच्या कापडापर्यंत नाना कारखाने या वसाहतीत आहेत. फाउंड्रीत कुपोलाच्या जागी विजेच्या इंडक्शन भट्ट्या आल्या. ट्रॅक्टरचे, ट्रकचे, मोटारींचे ओतीव भाग कोल्हापूर परिसरातल्या कारखान्यांतून परदेशी जातात. मागच्या काही वर्षांत एक नवे कामही अधूनमधून येते. कोणी शौकीन भंगलेला जुना पार्ट कापडात गुंडाळून आणतो आणि याच्यासारखा एक पाहिजे म्हणतो. अशीच एका जुन्या व्ही-एटची तडकलेली एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आमच्यातल्या एकाच्या ओळखीने आली होती. तरुण इंजिनिअर म्हणाला, याचाच साचा वाळूत दाबू. शेजारी उभ्या असलेल्या निवृत्त पॅटर्नमेकर चाचांनी हात धरला. बीड थंड होताना आकसते, फुटाला एक सूत. जुन्या पार्टवरून साचा काढला तर नवा तेवढा लहान येणार आणि शेवटचे भोक बसणार नाही. त्यांनी लाकडाचा नवा पॅटर्न केला, फुटाला सूत वाढवून, पोकळीचा कोअर वेगळा. चार नग ओतले. एकात हवा धरली होती, तो परत भट्टीत टाकला. एक मालकाने नेला. उरलेले दोन स्टोअरमध्ये आहेत. आणखी कोणाकडे तसली गाडी निघाली तर लागतील, म्हणून चाचांनी त्यांना तेल लावून ठेवले आहे.